साडूंची करवंटी

आमचे साडू तात्या, त्यांच्याइतका भित्रा माणूस बारामती आणि इंदापूर हे दोन्ही तालुके पालथे घातले तरी सापडायचा नाही. आणि दहा किलोमीटरच्या शर्यतीत आपणहून नाव घालणारा आमच्या सोयऱ्यांत तोच एकटा. कोऱ्हाळ्यात त्यांचा ऊस माझ्या बांधाला लागून. दोन वर्षांपूर्वी त्याच उसात त्यांच्या छातीत कळ आली, दवाखान्यात हृदयाच्या नळीत स्प्रिंग बसली, आणि सहा महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, "हळूहळू पळा. पण पळताना बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटलं, की वेग जास्त झाला समजायचं." झालं! या एका वाक्याला साडूंनी जीव टांगला, आणि वाक्य ऐकायला कुणीतरी हवं म्हणून माझी नेमणूक झाली.

पहाटे कालव्याच्या भरावावर ते यायचे ते लढाईला निघाल्यासारखे. सापासाठी काठी, कुत्र्यांसाठी बिस्किटं, जिभेखालची गोळी वरच्या खिशात आणि तीच गोळी माझ्याही खिशात. पोरानं पुण्याहून पाठवलेलं घड्याळ किलोमीटरला किती मिनिटं लागतात ते दाखवायचं, तर त्याच्यावर रुमाल बांधलेला. "आकडा बघितला की धडधड वाढती," म्हणायचे. मग वेग कळणार कसा? त्यावर साडूंचा स्वतःचा शोध होता. कालव्यात नारळाची करवंटी सोडायची आणि तिच्या बरोबरीनं पळायचं. "पान्यासंगं पळायचं, पाव्हणं. पानी कवा धापलंय का?" वर अखंड बडबड. भाच्याचं लग्न, कारखान्याची मीटिंग, मेहुण्याचा कंजूषपणा, सगळं ऐकून घ्यायचं आणि मधूनमधून आपणही एक अख्खं वाक्य बोलायचं, हा नियम. मी नुसतं "हं" म्हटलं तर ते चालायचं नाही.

एकदा रात्रीतून कालव्याचं पाणी वाढवलं होतं. आम्हाला पत्ता नाही. करवंटी निघाली सुसाट, आणि साडू इमानानं तिच्या मागे. "तात्या, सोडा तिला!" मी ओरडलो. पण ज्या करवंटीनं इतके दिवस सांभाळलं तिला सोडतील तर साडू कसले! मेहुण्याची गोष्ट मध्येच तुटली. ते मटकन खाली बसले, तोंड राखेसारखं, हात छातीवर. खिशातून काढताना गोळी दोनदा मातीत पडली, ती पुसून त्यांच्या जिभेखाली सारली. त्या दिवशी मी खरोखर भ्यालो. थोड्या वेळानं साडू पुटपुटले, "पानी वाडवलं तर सांगाया नगो व्हय?" तेव्हा कुठं माझ्या जिवात जीव आला.

त्यानंतर करवंटी बंद झाली आणि घड्याळावरचा रुमाल सुटला. वाक्य न तुटता किती वेगानं पळता येतं ते आम्ही रोज थोडं थोडं ताडून पाहिलं. आठ मिनिटांत किलोमीटर, हे ठरलं. शर्यतीच्या दिवशी बारामतीत भोंगा वाजला, पोरं उधळली, नऊवारीतल्या आजीबाईसुद्धा पुढं गेल्या. साडू आठावरून हलले नाहीत. शेवटी मात्र कमान दिसली आणि मीच चेकाळलो. माझ्यामागं तेही ओढले गेले.

"पाव्हणं, बोला."

मी तोंड उघडलं, पण नुसती हवा आली.

साडू जागच्या जागी थांबले आणि त्यांनी माझा दंड धरला. कमान हाकेच्या अंतरावर, लोक "पळा, पळा" ओरडतायत, आणि या माणसाचं तोंड पुन्हा तसंच राखेसारखं झालेलं. "आवो, बोला की! कायबी बोला!"

"बरा हाय मी, तात्या," एवढं मी कसंबसं म्हणालो. मग आम्ही चालतच कमानीखालून गेलो. पलीकडे पाणी पिताना ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "त्या दिशी उसात कळ आली, तवा ही दोन सऱ्या पल्याड पानी धरत हुती. म्या हाक मारत हुतो, पर त्वांडातनं सबूदच फुटंना. तसं कुनाचं हू नये."

आता लेकानं त्यांना पुण्याला नेलंय. तिथं ते सुनेशी बोलत बोलत बागेत फेऱ्या मारतात म्हणे. भरावावर मी एकटाच पळतो. त्यांची बडबड फार आठवते. ऊस दोन्ही अंगांनी उंच झालाय, आणि धाप लागली की मला भीती वाटते. मग मी थांबतो आणि मोठ्यानं म्हणतो, "बरा हाय मी, तात्या." ऐकायला कुणी नसतं, तरी वाक्य पूर्ण करतो.