आतून लागणारी कडी

आमच्या घराला दार नव्हतं. माण तालुक्यातल्या आमच्या वस्तीत बऱ्याच घरांना नव्हतं, म्हणून लहानपणी त्याचं काही वाटायचं नाही. चौकट होती, तिच्यावर गोणपाट टांगलेलं. रात्री आई त्या गोणपाटाच्या खालच्या टोकावर पाटा ठेवायची, वाऱ्यानं उडू नये आणि कुत्रं आत येऊ नये म्हणून. पाऊस झाला तर ज्वारी, न झाला तर खडी फोडायचं सरकारी काम, आणि आमच्याकडं न होण्याचीच वर्षं जास्त. माझी थोरली बहीण मंगल, जिला मी अक्का म्हणायचो, तिची शाळा चौथीत सुटली. माझी सुटली नाही. दोघांपैकी एकालाच शिकवायचं असं कुणी बसून ठरवलं नव्हतं, ते असंच झालं. मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. हे मी कुठंही सांगतो आणि इथंही सांगतोय, कारण अक्का ते माझ्याहून जास्त सांगायची. एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलासुद्धा. कंडक्टर तिकिटाला यायच्या आत त्या बाईला कळलेलं असायचं, की हिचा भाऊ बीये झालाय.

ती गेली त्याला आता दीड महिना होईल. फोन माझ्या साताऱ्यातल्या कचेरीत आला. तिची मुलगी वैशाली तासगावच्या एसटीडी बूथवरून बोलत होती. "मामा, आई गेली," एवढंच म्हणाली, आणि मग बराच वेळ नुसता बूथबाहेरचा आवाज येत राहिला... कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं, ती चालू होत नव्हती. मी फोन ठेवला, हातातलं टिपण पूर्ण केलं, साहेबांची सही घेतली आणि स्टँडवर गेलो. उंब्रजला गाडी थांबली तेव्हा खाली उतरून चहा प्यायलो. चहा फार गोड होता हे आठवतं. न्यूमोनिया, असं डॉक्टरांनी लिहिलंय. मी जास्त विचारलं नाही. लोक विचारतात, रडलास का. नाही. अजून नाही.

आमच्यात एक वाद होता. तो तिच्या संपावरून होता आणि तो मिटलेला नाही, म्हणून त्याबद्दलच लिहितो.

नव्वद सालाच्या आगेमागे तासगावच्या बाजूला द्राक्षबागा वाढल्या तशा बेदाण्याच्या शेडी उभ्या राहिल्या. आमच्या माणमधून, जतकडून बायकांच्या टोळ्या हंगामाला तिकडं जायला लागल्या. अक्का पहिल्यापासून जायची, वैशालीला घेऊन. दाजींनी दुसरीकडं संसार मांडला होता. त्यांच्याबद्दल ती बोलायची नाही, मीही लिहिणार नाही. शेडचं काम बाहेरून सोपं दिसतं. क्रेटमधून द्राक्षं येतात, ती औषधाच्या पाण्यात बुडवायची आणि लगेच वरच्या जाळ्यांवर पातळ पसरायची. बुडवलेला माल ढिगात राहिला की तापतो, आंबतो, काळा पडतो. माल वाळला की त्याला गंधकाची धुरी देतात, म्हणजे बेदाणा पिवळा राहतो. धुरीच्या रात्री चारी बाजूंनी ताडपत्र्या सोडतात. आणि बायका झोपायच्या त्याच छपराखाली, ताडपत्रीच्या अलीकडं, रिकाम्या क्रेटच्या आडोशाला. कारण उघड्यावर झोपायचं तर पलीकडं रस्ता, आणि रस्त्यावर ट्रक थांबायचे. ट्रक का थांबायचे हे सगळ्या बायकांना माहीत होतं.

शेडपासून थोड्या अंतरावर एक खोली होती. पक्की, दाराची. तिच्यात जुन्या जाळ्या ठेवलेल्या असत आणि बाहेर कुलूप. अक्कानं शेडमालकाला, त्यांना सगळे आबा म्हणत, ती खोली रात्रीपुरती मागितली. एकदा नाही, दोन हंगाम मागितली. आबा वाईट माणूस नव्हते. सणाला पुरणपोळी पाठवायचे, कुणी आजारी पडलं तर स्वतःच्या जीपनं दवाखान्यात पोचवायचे. खोलीचं मात्र एकच उत्तर, "हंगाम होऊ दे, मग बघू." हंगाम झाला की बायका गावाला आणि खोली कुलपात.

तिसऱ्या हंगामात एका धुरीच्या रात्री वैशालीला श्वास घेता येईना. पोरगी नऊ-दहा वर्षांची. अक्कानं तिला उचलून रस्त्यावर आणलं आणि उजाडेपर्यंत मांडीवर घेऊन बसली. सकाळी आबांच्याच जीपमधून तासगावला नेलं. पोरगी वाचली. परत आल्यावर अक्कानं आबांना पुन्हा विचारलं. आबा म्हणाले, "आगं, आता पंधरा दिवसाचा तर प्रश्न हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी माल आला. क्रेटवर लाल पट्टा होता, म्हणजे आबांच्या स्वतःच्या बागेतला. तिकडं प्रत्येक बागायतदाराच्या क्रेटवर त्याचा रंग असतो, त्यावरूनच शेडमध्ये माल ओळखतात. बायकांनी सगळा माल औषधात बुडवला, बाहेर काढला आणि हात धुऊन लिंबाखाली जाऊन बसल्या. खोलीचं कुलूप निघाल्याशिवाय माल पसरणार नाही म्हणाल्या.

मी तेव्हा सांगलीला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, वसतिगृहावर. आबांनी मोटारसायकलवर माणूस पाठवून मला आणवलं. "तुमी शिकलेलं हाय," आबा मला म्हणाले, "समजावा बहिणीला. हंगामाची बोली करून आल्यात, उचल घेतलीया, आन् मधीच बसल्यात. बेकायदा हाय का न्हाई सांगा." मी म्हणालो, बेकायदा आहे. तेव्हा म्हणालो आणि आजही म्हणेन. नोटीस नाही, संघटना नाही, शब्द देऊन मोडलेला. एक हवालदारही येऊन गेला होता. त्यानं विचारलं, "तुमच्या संघटनेचं नाव काय?" टोळीतली सगळ्यात वडील शेवंताबाई म्हणाली, "संघटना न्हाई सायेब, आमी एका चुलीवर जेवतो." हवालदारानं आबांकडं चहा घेतला आणि गेला.

मी अक्काशेजारी बसलो. आमच्या वस्तीत संविधानाचं नाव घेतल्याशिवाय कुठली सभा सुरू होत नाही. माझी फी, माझं वसतिगृह, वर्गातला माझा बाक, सगळं कायद्यानं मिळालेलं. तेच मी तिला सांगितलं. म्हटलं, "कायदा मोडायला आबासारख्यांना काही लागत नाही. आपल्याला तोच एक आधार आहे. आपणच मोडला तर उद्या कशाच्या जोरावर बोलायचं?"

"मग तू सांग कसं करायचं," ती म्हणाली.

मी सांगितलं. अर्ज द्यायचा, कामगार अधिकाऱ्याकडं जायचं, मुदत द्यायची.

"किती दिस लागतील?"

"महिना, दोन महिने."

"हंगाम पंधरा दिसाचा ऱ्हायलाय. धुरी परवा हाय."

"मग निदान माल बुडवायच्या आधी तरी बसायचं होतंस."

"आधी बसलो असतो तर दुपारपतूर जतची दुसरी टोळी आली असती. मला काय कळत न्हाई व्हय रं? कळून केलंय."

एवढ्यात सायकलवरून तात्या आले. तात्या म्हणजे शेजारच्या गावचे छोटे बागायतदार, दीड एकरभर बाग, स्वतःची शेड नाही, आबांच्या शेडमध्ये भाड्यानं माल वाळवायचे. सायकलच्या हँडलला जेवणाचा डबा होता. ढिगात पडलेला माल त्यांनी पाहिला, वाकून दोन घड हातात घेतले, आणि लिंबाखाली येऊन उभे राहिले.

"बाई, ह्यो माल माझा हाय."

कुणाला काही कळेना. शेवंताबाई म्हणाली, "आवं, पट्टा तर आबांचा हाय."

"क्रेट कमी पडलं म्हणून काल सांजंला आबाकडनं मागून नेलं. पट्टा आबाचा, माल माझा."

शेवंताबाई हळूच म्हणाली, "मंगल, गरिबाचा माल हाय. एवढा पसरूया, मग बसू."

मलाही तसंच वाटत होतं. मी तसं बोललोही. अक्का उठून उभी राहिली. तिचा चेहरा मला आज नीट आठवत नाही, आवाज आठवतो, तो चढलेला नव्हता. "पसरला की संप मोडला. परवा धुरी हाय. तात्या, तुमी आबाला सांगा. एका कुलपाचा सवाल हाय. त्यानं काढलं की आत्ता पसरतो, तुमचं जेवान व्हायच्या आत."

तात्या आबांकडं गेले. आबा ओट्यावरून उठले नाहीत. "आज कुलूप काढलं तर उद्या आनी काय मागत्याल," म्हणाले. तात्या परत आले, ढिगाशेजारी बसले. डबा उघडला नाही. ऊन वाढलं तसा मालाला वास सुटला. बायका तिकडं बघेनात. दिवस कलला तसा मी शेवटच्या एसटीनं सांगलीला परतलो, अभ्यास होता. दुसऱ्या दिवशी आबांच्या स्वतःच्या बागेचा माल दारात आला, तेव्हा आबांनी किल्ली दिली. तात्यांचा माल तोवर काळा पडला होता. काळा बेदाणा कोण कशाला घेतो. त्या वर्षी तात्यांच्या हाती काही लागलं नाही.

म्हणजे संप यशस्वी झाला आणि तो भलत्याच माणसाच्या अंगावर पडला.

या गोष्टीवर मी पुढं पुष्कळ विचार केला. कायद्याच्या बाजूनं केला, माणुसकीच्या बाजूनं केला. माझं म्हणणं असं, की लेकराचा श्वास वाचवायला शब्द मोडावा लागला तर मोडावा, तिथवर मी तिच्याबरोबर होतो. बेकायदा म्हणजे वाईटच, असं मी मानत नाही. ज्याचं घर त्या गावात नाही, मत त्या गावात नाही, पंधरा दिवसांनी जो तिथं असणारच नाही, त्यानं अर्ज कुणाकडं करायचा? त्याच्या हातात एकच गोष्ट असते, हात थांबवणं. पण तात्या समोर येऊन उभे राहिल्यावर तो हिशोब बदलला, असं मला वाटतं. आबा कुलूप काढू शकत होते आणि अक्का माल पसरू शकत होती. दोघांनीही ते केलं नाही. आबांनी केलं नाही ते मानापायी, अक्कानं केलं नाही ते पोरीपायी. या दोन गोष्टी सारख्या नाहीत हे मला मान्य आहे. तात्यांसाठी मात्र सारख्याच होत्या.

हे मी तिला सांगितलं की ती ऐकून घ्यायची. कधी म्हणायची, "तुजं बी खरं हाय." कधी नुसतीच भाकरी थापत राहायची.

दिवाळीच्या आधी द्राक्षबागेची छाटणी होते, पुढं घडांची विरळणी. हे बायकांचं काम, कात्री घेऊन एकेक मणी काढायचा, मान वर करून, दिवसदिवसभर. त्या वर्षी अक्का हंगामाच्या कितीतरी आधी माणमधून निघाली आणि शेवंताबाईला, आणखी तिघींना घेऊन तात्यांच्या बागेत जाऊन उभी राहिली. तात्यांनी कुठल्या ओळीपासून सुरू करायचं ते बोटानं दाखवलं. संध्याकाळी त्यांच्या मालकिणीनं चहा दिला, तात्या स्वतः बाहेर आले नाहीत. पुढच्या वर्षीही असंच. मजुरी त्यांनी विचारली नाही आणि ह्यांनी घेतली नाही.

मी तिला डिवचलं होतं, "संप बरोबर होता म्हणतेस, मग ही फेड कशाची?"

ती म्हणाली, "बरोबर हुता म्हणून तर. चूक असता तर माफी मागून मोकळी झाली असती."

यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही. ती असती तर एखादं सुचलं असतं, कारण ती समोर असली की मला बोलायला जोर यायचा.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी तासगावच्या भाड्याच्या खोलीत, जिथं शेवटची काही वर्षं ती वैशालीला घेऊन राहायची, वंदना झाली, लोक जेवून गेले. सगळे पांगल्यावर तात्या आले. आता काठी घेऊन चालतात. दाराशी चप्पल काढली, फोटोसमोर फुलं ठेवली, आणि माझ्याशेजारी सतरंजीवर बसले. मला वाटलं, आता काही तरी म्हणतील. संप बरोबर होता म्हणतील, किंवा नव्हता म्हणतील. मी दोन्हीला तयार होतो.

"त्या दिशी," तात्या म्हणाले, "आबा माझ्याकडं न बगता न्हाई म्हणला. ही माझ्याकडं बगून न्हाई म्हणली." चहा संपवला. "माल तर गेलाच की," म्हणाले, आणि काठी शोधायला लागले.

मी त्यांना कोपऱ्यापर्यंत सोडून आलो. परत आलो तर वैशाली, आता ती अकरावीत आहे, निजायची तयारी करत होती. तिनं दार लावलं, कडी घातली, दोन पावलं आत आली आणि पुन्हा जाऊन कडी ओढून पाहिली. अक्का रोज हेच करायची. आम्ही हसायचो तिला. कडी घालायची, आत यायची, परत जाऊन ओढून बघायची, मगच दिवा मालवायची. वैशालीला आपण काय केलं ते कळलं नसावं. मी भिंतीकडं तोंड करून पडलो, झोप लागली.

परवा सुट्टी काढून मी त्या शेडकडं जाऊन आलो. संपानंतरच्या वर्षी आबांनी शेडच्या मागं, धुरीच्या उलट्या बाजूला, चार खोल्या बांधल्या. त्या रस्त्यावरच्या आणखी दोन शेडमालकांनी नंतर बांधल्या, बाकीच्यांनी नाही. हंगाम सुरू व्हायचा आहे, खोल्या रिकाम्या होत्या. मी चारही बघितल्या. प्रत्येक खोलीला दार आहे. कडी आतून लागते.