मिश्रीच्या आधीची थुंकी

त्यांचं नाव मी कधी विचारलंच नाही. पिंपळीत सगळे त्यांना थुंकीवाल्या बाई म्हणायचे, आणि सांगायला लाज वाटते, ते नाव मीच पाडलेलं.

नव्वदनंतरची गोष्ट. उसाची ट्रॉली उलटली त्यातून आमची वहिनी वाचली, पण पुढं दोन वर्षं ट्रॅक्टरचा आवाज आला की हातातलं टाकून भिंतीला चिकटायची. आई म्हणायची, "कामाच्या वक्ताला बरी नाटकं सुचत्यात!" मी हसायचो.

बाई घाबरलेल्या माणसाच्या मेंदूचा अभ्यास करायच्या. बारामतीहून पहिल्या एसटीनं यायच्या, खांद्याला बर्फाचा डबा, त्यात नळ्या. त्यांना उठल्या उठल्या, तोंडात काही घालायच्या आधीची थुंकी हवी असायची. आणि वहिनी तर डोळे उघडायच्या आधी तंबाखूची मिश्री लावणारी! पाच दिवस नमुना वाया गेला. बाई चिडल्या नाहीत. नळीवर बारीक अक्षरात 'मिश्री' लिहायच्या आणि म्हणायच्या, "उद्या येते."

सहाव्या दिवशी वहिनी तोंड घट्ट मिटून दारातच उभी. नळी भरल्यावर तिनं विचारलं, "ह्यात भ्या दिसतं व्हय?"

"भीतीनं अंगातला एक रस कमी-जास्त होतो. तो मोजता येतो. नाटक करून तो बदलत नाही."

"मग मोजून झालं की हितं येऊन वाचून दाखवा. आदी आमच्या भावजींना."

मी चहाचं निमित्त करून उठलो. बाईंनी वही उघडली.

"बसा. ट्रॅक्टर आला की तुम्ही काय करता, तेही लिहायचंय."

'हसतो' एवढं सांगायला मला फार वेळ लागला.