गंगापूर रोडच्या बसमध्ये ठेवलेली पिशवी

माझं अक्षर वाईट आहे. ऱ्हस्व-दीर्घ मला शाळेतही जमलं नाही, आणि शाळा तरी किती, चौथीपर्यंत. पाचवीला दुसऱ्या गावी जावं लागे म्हणून वडिलांनी नाव काढलं. तेव्हा ही वही चुकून कुणाच्या हाती लागलीच, तर चुकांबद्दल रागवू नये. वही मुलीची आहे, अर्धी कोरी राहिली होती. दुपारी घरात कुणी नसतं तेव्हा मी लिहिते आणि डाळीच्या डब्यामागे ठेवते.

लिहायचं आहे ते नाशिकला नवीन आले तेव्हाचं. मुलगी झाली नव्हती त्या वेळचं.

आमचं गाव कळवणच्या पलीकडे. लग्न झालं तेव्हा हे सातपूरला एका कंपनीत कामाला होते. सिडकोत एक खोली घेतली होती. खोलीचं भाडं देऊन पगारात फार काही उरत नसे. पहिल्याच आठवड्यात ते मला म्हणाले, "दोन-तीन महिने बघू. तुला काही काम मिळालं तर ठीक. नाही तर तू माझ्या आईकडं गावी राहा, मी कंपनीतल्या पोरांबरोबर खोली करतो." ते रागानं बोलले नव्हते. पण मी रात्रभर तेच ऐकत होते. सासूबाईंनी निघतानाच म्हटलं होतं, "हिला काय शहर झेपायचं नाय, महिन्यात येईल परत." मला परत जायचं नव्हतं. गावी राहून वर्षातून दोनदा दिवाळी-आखाजीला नवरा बघायचा, असं माझ्या मोठ्या जावेचं चाललं होतं, ते मी बघितलं होतं.

शेजारणीनं एक काम सांगितलं. गंगापूर रोडला एक मॅडम होत्या, दुपारच्या शाळेत शिकवायला जात. त्यांच्याकडे सकाळी जाऊन पोळ्या-भाजी करायची, महिना तीनशे रुपये. सिडकोहून सीबीएसला, म्हणजे मोठ्या स्टँडला, एक बस, तिथून गंगापूर रोडला दुसरी. पहिल्या दिवशी यांनी सोबत येऊन दाखवलं. दुसऱ्या दिवसापासून मी एकटी.

आमच्या गावाला दिवसातून दोन गाड्या. सकाळची गाडी जी माणसं घेऊन जाते, तीच संध्याकाळी त्यांना परत आणते. कुणी यायचं राहिलं तर कंडक्टर घंटी मारत नाही, "अजून दोन बाया यायच्या हाय, थांब जरा" म्हणतो. नाशिकला येणारी गाडी वणीला थांबते. ड्रायव्हर-कंडक्टर चहाला उतरतात, आपणही उतरतो, आणि उतरताना सीटवर पिशवी ठेवतो. पिशवी ठेवली की ती जागा आपली. परत येईपर्यंत पिशवीला कुणी हात लावत नाही, आणि गाडी आपल्याला सोडून जात नाही. मला बसचं एवढंच माहीत होतं.

शहरातल्या बसचं वेगळं होतं. पाटी मला वाचता येई, पण मी एक अक्षर लावून दुसऱ्याकडे जाईपर्यंत गाडी हलायची. विचारायची लाज वाटे. मग मी दोन-तीन गाड्या सोडायची आणि कुणीतरी मोठ्यानं विचारलं, "गंगापूर रोड जाईल का?" की त्या माणसाच्या मागून चढायची. बसमध्ये कुणी बोलत नसे. आमच्याकडे गाडीत बसलं की शेजारची बाई आधी गाव विचारते, मग कुणाची कोण, मग पोरंबाळं. इथं महिना झाला तरी मला कुणी विचारलं नाही की तू कुठली. तिकिटापुरते दोन शब्द बोलायचे आणि उतरायचं. घरी आले तर हे दुसऱ्या पाळीला गेलेले. कधीकधी दिवसभरात माझा आवाज मीच ऐकायची नाही.

दुसऱ्या महिन्यात मॅडमच्या कुकरची शिट्टी आणि दांडा बिघडला. त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे सिडकोत कुणी दुरुस्त करतं का? उद्या घेऊन ये." मी कुकर कापडी पिशवीत घालून नेला, दुरुस्त करून घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच पिशवी मांडीवर घेऊन निघाले.

त्या दिवशी कंडक्टर म्हणाला, "हीच गाडी पुढं गंगापूर रोडला जाणार. सीबीएसला बदलू नका." मला इतकं बरं वाटलं. पण सीबीएसला मला उतरावं लागणारच होतं. मॅडमच्या घरी बाथरूम वापरू का म्हणून विचारायची मला हिंमत होत नसे, म्हणून मी रोज स्टँडवरच जाऊन घ्यायची. गाडी थांबली. ड्रायव्हर उतरला, कंडक्टर त्याच्या खिडकीकडे कागद घेऊन गेला. अगदी वणीसारखंच. मी पिशवी सीटवर ठेवली, नीट मधोमध, आणि उतरले.

परत आले तर गाडी नव्हती.

मला आधी वाटलं गाडी बाजूला लावली असेल. मी सगळ्या गाड्यांच्या खिडक्यांतून बघत फिरले. मग वाटलं, गेली तरी येईल, जी जाते ती परत येते. म्हणून एका खांबाला टेकून उभी राहिले. गाड्या येत होत्या, जात होत्या, सगळ्या सारख्याच. ड्रायव्हरचा चेहरा मी बघितला नव्हता. कंडक्टरला मिशी होती एवढं आठवत होतं, आणि मिशी नसलेला कंडक्टर त्या दिवशी मला एकही दिसला नाही.

दहा वाजले असतील. शेवटी मी चौकशीच्या खिडकीपाशी रांगेत उभी राहिले. माझा नंबर आला.

"बोला बाई, कुठं जायचंय?"

"पिशवी राहिली गाडीत."

"कोणत्या गाडीत?"

"लाल."

मागं कुणीतरी हसलं. खिडकीतले साहेब म्हणाले, "लालच असतात हो सगळ्या. नंबर काय?"

"ड्रायव्हरच्या मागची तिसरी. खिडकीकडची."

"सीटचा नाही, गाडीचा नंबर. बरं, पिशवीत काय होतं?"

"कुकर."

"शिट्टी होती का त्याला?" मागच्या एका माणसानं विचारलं.

मी खरंच म्हणाले, "हो, कालच नवी बसवली."

"मग काळजी कसली! वाजली की कळेल कुठं आहे ते."

सगळी रांग हसली. साहेबही हसले, पण त्यांनी कागदावर लिहून घेतलं आणि म्हणाले, "कुणी जमा केली तर ठेवतो. संध्याकाळी बघून जा. आणि बाई, उतरताना सामान हातात घेत जा. हे काही गाव नाही." ते चांगल्या मनानं बोलले. पण मी वळले तेव्हा मला समोरचं नीट दिसत नव्हतं.

तेवढ्यात कानावर आलं, "वणी, कळवण! चला कळवण!"

गाडी समोरच उभी होती. मी कधी चढले मलाच कळलं नाही. आत पुढच्या सीटवर एक म्हातारी होती, डोक्यावर पदर, पायाशी कोथिंबिरीची जुडी. ती सरकली आणि म्हणाली, "बस ना माय. एकलीच शे का?"

दोन महिन्यांत मला कुणी बस म्हटलं नव्हतं. मी तिच्याजवळ बसले. तिनं गाव विचारलं. मी सांगितलं. "मग तू कुणाकडली?" तेही सांगितलं. तिला आमची माणसं माहीत नव्हती, पण शेजारच्या गावात तिची भाची दिलेली होती. तिनं माझ्या हातावर दोन शेंगा ठेवल्या. मला वाटलं, आता गाडी सुटावी. मॅडमना काही सांगायला नको, यांना काही सांगायला नको. संध्याकाळी आईच्या दारात.

मग म्हातारीनं माझ्या पायाकडे बघितलं, सीटखाली बघितलं. "सामान काही नै तुनं?"

मी नाही म्हणाले. माझ्याकडे बघायची तिची नजर बदलली. नवी लग्न झालेली पोर, रिकाम्या हातानं माहेरी निघालेली. आई असंच बघणार होती. मग वडील, मग चुलत्या, मग विहिरीवरच्या बाया. प्रत्येकीला सांगावं लागणार होतं काय झालं. मी शेंगा हातात धरून विचार केला. बोलायची लाज वाटते म्हणून पळाले, तर तिथं सगळ्या गावाशी बोलावं लागेल. इथं एकाच बाईला सांगायचं आहे. आणि गेले तर सासूबाई म्हणाल्या ते खरं ठरेल, ती खोली सुटेल.

कंडक्टर तिकिटं फाडत आला. "कळवण का?"

"नाही," मी म्हणाले. "चुकून बसले."

"अहो मग उतरा ना लवकर, गाडी सुटतेय!"

मॅडमच्या घरी पोचले तेव्हा त्या दाराला कुलूप लावत होत्या. "अगं, ही काय वेळ झाली? मी पोहे खाऊन निघाले." मी जिन्यातच सगळं सांगितलं. सांगताना मी त्यांच्या चपलांकडे बघत होते. तेवढं सलग मी नाशिकला आल्यापासून कुणाशी बोलले नव्हते.

त्या म्हणाल्या, "सीटवर ठेवून उतरलीस? अगं, असं कुणी करतं का?"

"आमच्याकडे करतात."

"तू मुद्दाम नाही केलंस, मला कळतं. पण कुकर तर गेलाच ना. मला नवा घ्यावा लागणार." त्यांनी पर्समध्ये किल्ली टाकली. "जुना होता, चारशे धरू. महिन्याला चाळीस देत जा. जमेल?"

मी मान हलवली. त्या दोन पायऱ्या उतरल्या आणि मागं वळून म्हणाल्या, "उद्या वेळेवर ये." तेव्हा मला कळलं की काम राहिलं आहे.

संध्याकाळी स्टँडवर बघून आले. पिशवी कुणी जमा केली नव्हती.

यांना मी सांगितलं नाही. चाळीस रुपये कमी आणले असते तर भाड्याला अडलं असतं आणि मग गावी जायची गोष्ट पुन्हा निघाली असती. म्हणून मी दुसरी बस सोडली. सिडकोहून सीबीएसपर्यंत बसनं जायची, तिथून मेहेर चौक, अशोक स्तंभ करत गंगापूर रोडला पायी. येतानाही तसंच. एका वेळचा रुपया वाचे. महिन्याचे पन्नासेक होत. त्यातले चाळीस कुकरचे, उरलेले चपलेला जात. हे एकदा चपला बघून म्हणाले, "चपला चावून खाते का काय तू?" मी नुसती हसले.

चालताना मला एक बरं वाटे. दुकानं जागेवर उभी असतात, त्यांची पाटी शेवटच्या अक्षरापर्यंत वाचता येते. मी सगळ्या वाचल्या. मिठाईची, चष्म्याची, सायकलची. पण कोणत्याच दुकानात मी कधी पाय ठेवला नाही. माझी बस माझ्या बाजूनं निघून जाई, खिडकीत माणसं बसलेली असत. उन्हाळ्यात डांबर चपलेला चिकटे. पावसाळ्यात कधी साडी गुडघ्यापर्यंत भिजे, मग मॅडमच्या ओट्याशी उभं राहून पोळ्या लाटताना खाली पाण्याचं थारोळं होई. मॅडम ते बघत. एकदा न बोलता त्यांनी पायपुसणं सरकवून दिलं. बस का घेत नाहीस, असं त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर मला काय सांगता आलं असतं, कोण जाणे.

यांना मी हे मुलगी झाल्यावर सांगितलं. ते म्हणाले, "चारशेच रुपये? मी दिले असते की." कुठून दिले असते, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

मॅडम पगार पूर्ण तीनशे देत, कापून घेत नसत. त्यातून चाळीस काढून मी ओट्यावर ठेवायची आणि त्या उचलायच्या. हे आम्ही दोघी न बोलता करायचो. दहाव्या महिन्यात मी ठेवले तसे त्यांनी उचलले, दहादहाच्या चार नोटा मोजल्या आणि म्हणाल्या, "झाले गं सगळे." मी पोळपाट धुऊन उभा केला, हात पुसले आणि म्हणाले, "हो मॅडम. फिटले."