गार वडी आणि दुसरी पिन

माझ्या थोरल्या भावाला गल्लीत सगळे 'गारवा' म्हणायचे. दिवे बनवणाऱ्या माणसाला हे नाव पडावं ही गंमतच, पण ते त्याने स्वतःच्या हाताने ओढवून घेतलं होतं.

घराच्या मागच्या खोलीत वहिनी मिरचीची, टोमॅटोची रोपं वाढवायची. फळ्यांवर ट्रे आणि वर दादाने बनवलेले चार एलईडी दिवे. दिवसभर दोघं तिथे असायची, एकमेकांना टोमणे मारायची आणि हसायची. मला माझ्या खोलीत ते ऐकू यायचं.

एलईडी तापला की उजेड थोडा कमी देतो, हे दादाच्या मनाला लागून राहिलं. मग त्याने बिस्किटाएवढ्या चौकोनी वड्या आणल्या. वीज दिली की वडीची एक बाजू गार पडते, दुसरी तापते. गार बाजू त्याने दिव्याच्या पाठीला चिकटवली. उजेड मोजला, तो सहा टक्क्यांनी वाढला. दिवा घेतो ती वीज मोजली, ती तेवढीच. स्वारी दिवसभर हवेत होती.

वहिनीने विचारलं, "आणि या वड्या काय हवा खाऊन जगतात?"

"त्यांचं वेगळं आहे. त्यांची पिन पलीकडच्या खोलीत लावलीय."

आठवडाभर वहिनीने घराच्या मीटरचे आकडे कॅलेंडरच्या पाठीवर उतरवले, काही दिवस वड्यांची पिन लावून, काही दिवस काढून. मग कागद घेऊन आमच्यासमोर उभी राहिली.

"वड्या लावल्या की दीडपट वीज जाते. खोलीही जास्त तापते. दिव्यामागे ॲल्युमिनियमचा मोठा तुकडा लावा आणि एक छोटा पंखा. पुरे झालं."

दादाने माझ्याकडे पाहिलं. घरात तंत्रनिकेतनात शिकलेला मीच, त्यामुळे माझ्या शब्दाला वजन. पलीकडच्या खोलीतली ती पिन मीच लावली होती. वहिनीचं खरं आहे हे मला तेव्हाच कळलं होतं. पण दादाचा चेहरा इतका फुलला होता की मी म्हणालो, "वहिनी, त्या मीटरवर फ्रिज आहे, पंखे आहेत. ही मोजमापं अशी कॅलेंडरवर होत नसतात."

तिने कागदाची घडी घातली आणि खणात ठेवली.

पुढे एका रोपवाटिकेच्या मालकाने दादाकडून असे वड्या लावलेले चाळीस दिवे करून घेतले. दीड महिन्यात त्याचा फोन आला. विजेचा वापर वाढलाच होता, शिवाय गार वड्यांवर हवेतली वाफ जमून पाणी ठिबकत होतं. निम्मे दिवे बंद पडले आणि त्यांच्याखालची रोपं उजेडाविना लांबोडकी होऊन आडवी झाली. दादाने सगळे दिवे टेम्पोत घालून परत आणले. तेव्हा कुठे मी त्याला सांगितलं, की त्या दुसऱ्या पिनेची वीज आपण मोजलीच नव्हती आणि वहिनीचं खरं होतं.

"तुला माहीत होतं?"

"हो."

तो वळून टेम्पोतले दिवे उतरवायला लागला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

त्याने वड्या काढल्या, मागे ॲल्युमिनियम आणि पंखे बसवले. दिवे छान चालायला लागले. वहिनीने तोवर एका शिवणकामाच्या दुकानात नोकरी धरली होती. दादा तिला म्हणाला, "तुझं बरोबर होतं. एकदा येऊन बघ ना."

"बरं झालं," ती हात पुसत म्हणाली. "रोपांना पाणी आता तुम्हीच घाला." त्या खोलीत ती पुन्हा गेली नाही.

परवा टेप शोधताना खणात तो कागद सापडला. त्या दिवशी मी तो हातातसुद्धा घेतला नव्हता. आकड्यांच्या वर वहिनीच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'रोज दुपारी दोन ते चार. फ्रिज बंद, पंखे बंद, फक्त दिवे.'