पायाचा अंगठा

देव म्हणजे नुसता दगड, असं त्या सकाळी बारामतीच्या दवाखान्यात मला वाटलं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमचं गाव बावडा, कुलदैवत नरसिंह. ज्या माणसानं जन्मात कुणाचं वाईट चिंतलं नाही, ते माझे यजमान यंत्राच्या श्वासावर निपचित पडले होते. आदल्या पहाटे पोटात दुखतंय म्हणाले, मग पापण्या मिटल्या, जीभ जड झाली, नि सगळं अंगच गेलं. मेंदू संपला, असं आम्ही सगळ्यांनी धरलं. दिरांनी सोयऱ्यांना निरोप धाडले, सरणाची लाकडंही सांगून ठेवली, तीही खाटेशेजारी उभं राहून! सासरे तुळशीचं पाणी तोंडात घालायला वाकले.

तेवढ्यात एका बाईंनी त्यांचा हात धरला. "आबा, पाणी नको. छातीत जाईल."

त्या मेंदूच्या डॉक्टर. सांगवीच्या, बौद्ध शेतकरी घरातल्या. गावच्या शाळेतून पुण्याला डॉक्टरकी, मुंबईला मेंदूचं शिक्षण, आणि वर परदेशी जाऊन मरणाच्या दारातले मेंदूचे रोगी कसे सांभाळायचे तेवढंच शिकून आलेल्या. आईला भेटायला आल्या होत्या, म्हणून इथल्या डॉक्टरांनी त्यांना बोलावलं. एवढी शिकलेली बाई, पण आधी मलाच विचारलं, की हे झोपले कुठं होते? शेतात, भुईवर, मी म्हणाले. मण्यार चावली असणार, त्या म्हणाल्या. तिचा चावा कळत नाही, अंग लुळं पडतं, माणूस आत जागाच असतो. मग यजमानांच्या कानाशी वाकल्या.

"दादा, तुमी जागं हाय, मला ठाऊक हाय. पायाचा अंगठा हलवा."

हलला. तिळाएवढा, पण हलला.

सापाच्या विषावरचं औषध सुरू झालं. बाईंनी परतीचं जाणं लांबवलं, उशाशी बसून राहिल्या. इथं मरणाचं बोलायचं नाही, त्यांना ऐकू येतं, असं सगळ्यांना बजावलं. दीर बिचारे तोंड लपवत फिरत होते.

यजमान उठून बसल्यावर मी म्हणाले, तुम्हाला नरसिंहानंच धाडलं. त्या हसल्या. "वहिनी, मी बुद्धाला मानते. पण तुमचा देव माझं नाव सांगत असंल, तर मी न्हाय कशाला म्हणू?"

पुढं घरी आल्यावर यजमान एकदा बोलले. "लाकडांचं ऐकलं तवा आतून वरडत हुतो, आवाज फुटंना. बाईंनी वळखलं, तितं धडपड सोडली. म्हटलं, आता बाईंच्या हातात."

मी आयुष्यभर नवस बोलले, देवाशी घासाघीस केली. असं सोपवणं मला कधी जमलं नव्हतं. आता नरसिंहापुढं नुसते हात जोडते आणि उगी राहते.