पानादादाने बंद केलेला नळ

पानादादा आणि मी एकोणीस वर्षं एकाच हॉस्पिटलात ऑक्सिजनचे सिलिंडर वाहिले. भरलेला सिलिंडर साठ किलोच्या वर जातो. तो उचलायचा नसतो, तिरका धरून बुडाच्या कडेवर फिरवत न्यायचा असतो. नवे लोक उचलायला जातात आणि आठवड्यात कंबर धरून बसतात. दादाने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "जोर हातात नको, पायात ठेव." त्याच्या पट्ट्याला कायम पाना लटकलेला, म्हणून पानादादा. खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर.

सिलिंडर ट्रकने यायचे, दीड दिवसाच्या वाटेवरून. ट्रक रखडला की सिस्टर दारात येऊन उभ्या राहायच्या. म्हणून दादाला एक सवय जडली. कुठे फुस्स आवाज आला की थांबायचं, नळीच्या सांध्याला साबणाचं पाणी लावायचं, बुडबुडा दिसला की पाना चालवायचा. हातातला घास ताटात ठेवून उठायचा. वहिनी म्हणायच्या, "घरात कुकरची शिट्टीसुद्धा सुखाने होऊ देत नाहीत हे." त्याने किती सांधे आवळले असतील, मोजदाद नाही. त्यावर किती रुग्णांनी श्वास घेतला, त्याचीही नाही.

मग हॉस्पिटलात हवेतून ऑक्सिजन काढणारं मशीन आलं. ते हवा दाबून पांढऱ्या मण्यांनी भरलेल्या टाक्यांतून सोडतं. मणी नायट्रोजन धरून ठेवतात, ऑक्सिजन पुढे नळीने वॉर्डात जातो. ट्रकची वाट बघायची गरज नाही. चार महिने छान चाललं. पडद्यावर त्र्याण्णव आकडा दिसायचा, म्हणजे शंभरातला त्र्याण्णव भाग ऑक्सिजन. मग तो एकोणनव्वद झाला, मग चौऱ्याऐंशी. आम्ही पुन्हा सिलिंडर फिरवू लागलो.

मोठे डॉक्टर मशीनच्या खोलीत येऊन म्हणाले, "सोमवारपर्यंत नव्वदच्या वर गेलं तर ठेवू, नाहीतर परत पाठवू. तान्ह्या बाळांच्या वॉर्डात मला असला खेळ नको."

गुरुवारी मशीनवाल्या बाई आल्या. इंजिनिअर, बोलणं कमी, बाह्या कोपरापर्यंत वर. त्यांनी टाकीचं झाकण उघडलं, मूठभर मणी काढले. ओले होते.

"पाणी शिरलंय," त्या म्हणाल्या. "ओले मणी काम करत नाहीत. हवा वाळवणारा भाग बिघडलाय बहुतेक. नवा यायला दोन महिने लागतील."

"दोन महिने?" दारात उभे असलेले मोठे डॉक्टर म्हणाले. "मग परतच पाठवा."

मी दादाकडे बघितलं. त्याचा चेहरा उतरला होता. पेन्शनला दोन वर्षं उरलेली. गप्प राहिला असता तर कोणाला काही कळलं नसतं.

"बाई, तो भाग चांगला आहे," तो म्हणाला. "चूक माझी आहे. मागच्या टाकीखालचा नळ मी बंद केलाय."

बाई मागे जाऊन वाकल्या. दाबलेल्या हवेतलं पाणी त्या टाकीत साठतं आणि दर काही मिनिटांनी नळातून बाहेर पडतं. पाण्याबरोबर थोडी हवाही जाते.

"का बंद केलात?"

"फुस्स फुस्स करत होता. वाटलं, हवा वाया जातेय."

"आणि विचारावंसं वाटलं नाही?" डॉक्टर कडाडले.

"लाज वाटली साहेब. गळतीतलं मला सगळं कळतं, असं सगळे म्हणतात ना."

बाईंनी नळ उघडला. लालसर पाणी बदाबदा आलं, पाऊण बादली भरली.

"दादा, कागदात हे मोठ्या अक्षरांत लिहायला हवं होतं, ते आमच्याकडून राहिलं," त्या म्हणाल्या. "आता पाना ठेवा आणि घमेलं घ्या."

त्यांच्या गाडीत मण्यांची सहा पोती होती, दुसऱ्या गावच्या हॉस्पिटलातल्या अशाच मशीनसाठी नेत होत्या. ती त्यांनी आम्हाला दिली. आम्ही दोघांनी टाक्यांतला वरचा ओला थर हाताने उपसला. एकशे बारा घमेली, मी मोजली. शिडी अरुंद, एका वेळी एकच माणूस चढणार. त्या दोन दिवसांत दादा एकदाही बसला नाही. मी तीनदा बसलो. मग नवे मणी भरले आणि खालचे वाळावेत म्हणून दीड दिवस नुसती कोरडी हवा सोडली.

रविवारी दुपारी आकडा शहाऐंशी. संध्याकाळी एकोणनव्वद. सोमवारी सकाळी डॉक्टर आले तेव्हा ब्याण्णव. ते पडद्यासमोर दहा मिनिटं उभे राहिले, आकडा हलतो का बघत. हलला, त्र्याण्णव झाला. "बाळांच्या वॉर्डाची नळी जोडा," ते म्हणाले. दादाला काहीच बोलले नाहीत. दुपारी मात्र मशीनच्या खोलीची किल्ली त्याच्याकडे आली.

महिन्याभराने बाई नवी पोती घेऊन त्या दुसऱ्या हॉस्पिटलात निघाल्या, तेव्हा दादाला सोबत नेलं. तिथल्या लोकांना समजावून सांगायला. तो परत आल्यावर मी विचारलं, "काय शिकवलंस रे?"

"काही नाही. मी काय घोळ घातला, तेवढंच सांगितलं."

"मग?"

"मग काय! त्यांचा वॉचमन पळत गेला नळ उघडायला. त्यांनीही बंदच करून ठेवला होता."