बापाच्या दगडापुढे

मालकाच्या गोठ्यासमोर, बैलांना पाणी पाजायच्या डोणीपाशी मला उभं केलं आणि अंगावर घागर ओतली. नेसत्या लुगड्यानिशी. पोळ्याला बैल धुतात तशी. मालकीणबाई ओट्यावरून सांगत होती, गडी ओतत होता. मान खाली घाल. पाय चोळ. बाकीचे सालदार बघत होते. त्यांत माझा नवराही होता. तो जमिनीकडे बघत होता. मग एक नवं लुगडं लांबूनच माझ्या अंगावर फेकलं.

"नेस लवकर. मालक वाट देखी ऱ्हायनात," बाई म्हणाली.

इंग्रजांच्या राज्यातली गोष्ट. आम्ही भिल्ल. तापीकाठच्या त्या गावात आमची झोपडी मालकाच्या जागेत, नवरा त्याच्याकडेच सालाने. गावाबाहेर आमची माणसं पुरायची जागा होती. आमच्यात माणूस गेला की त्याच्या नावाने दगड उभा करतात. घोड्यावर बसलेला माणूस, वर चंद्र-सूर्य कोरलेले. शेंदूर लावायचा, मोहाच्या दारूची धार सोडायची, नाव घेऊन त्याच्याशी बोलायचं. दगडावर अक्षर नसतं. नावं आमच्या तोंडात. मालक म्हणायचा, हे गाव माझ्या आजोबाने वसवलं. आमचे दगड त्याच्या आजोबाच्या आधीपासून उभे होते. पण दगडाचं कोण ऐकतो?

त्या वर्षी त्याला कापसाला जमीन कमी पडली. त्याने ती जागा नांगरायला घेतली. नांगर जरा आत शिरला आणि त्याचा तरणाबांड बैल मटकन खाली बसला. उठलाच नाही. संध्याकाळी मेला. गडी पळाले. मालकाची पाचावर धारण बसली. कोणीतरी त्याच्या कानात घातलं की मेलेल्याच्या रक्ताच्या माणसाने जागा दिली, तसं दगडापुढे तोंडाने सांगितलं, की मेलेला जागा सोडतो. ते खरंच आहे. आमच्यात तसं मानतात. तिथे पुरलेला शेवटचा माणूस माझा बाप. भाऊ तोरणमाळकडे निघून गेला, तो परत आला नाही. उरले मी.

मेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे ऐकले होते. हा तर मेल्यालाच ते वाढायला सांगत होता.

दगडापुढे न्हाऊन, नवं नेसून जायचं असतं, म्हणून ती घागर आणि ते लुगडं. मग मला तिथे नेलं. नांगर तयार होता, नवे बैल जुंपलेले. नांगराची मूठ मालकाने मुद्दाम माझ्या नवऱ्याच्या हातात दिली होती. काही झालंच तर आमचंच होऊ दे. स्वतः मालक लांब बांधावर उभा राहिला. काय बोलायचं ते त्याने तिथूनच सांगितलं.

"बापले सांग. हाई जागा मी राजीखुशीमा दिधी. मोठा आवाजमा सांग, माले ऐकू येवाले जोयजे. नही त आजच तुन्ही झोपडी मोडसू."

माझे दात वाजत होते. केसांतून पाणी गळून पाठीवर येत होतं. मालकाचं ऐकलं नाही तर पोरं उघड्यावर. ऐकलं तर बापाशी खोटं. जिवंत माणसाशी आम्हीही खोटं बोलतो, पोटासाठी बोलावं लागतं. मेलेल्याशी बोलत नाही. त्याला येऊन बघता येत नाही. पोरगी म्हणाली म्हणजे खरंच, असं धरून तो उठून चालू लागतो. मग त्याला कुठेच जागा राहत नाही. मला मालकाची भीती वाटत होती. बापाची त्याहून जास्त वाटत होती.

हातात बाटली दिली होती. धार सोडली. निम्मी दारू माझ्याच पायावर सांडली. बापाचं नाव घेतलं आणि आमच्या बोलीत बोलले. मालकाला ती कळत नाही. मी म्हणाले, बा, मी जागा दिलेली नाही. मला धरून आणलंय. तू हलू नको.

मालकाने सुस्कारा टाकला. त्याने सांगितलं तेच मी बोलले असं धरून तो खूष झाला.

"चाल, हाक नांगर," तो नवऱ्याला म्हणाला.

मी गप्प राहिले असते तर झोपडी वाचत होती. बापाला खरं सांगून झालं होतं. मी पाठ फिरवून निघालेसुद्धा होते. पण नवऱ्याला आमची बोली कळत होती. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. मूठ धरून तो नुसता उभा. बैल हाकेना. मालकाने त्याला आईवरून शिवी दिली. मी थांबले. वळले. मालकाच्या बोलीत म्हणाले, "मी दिधी नही."

"काय?"

"जागा मी दिधी नही. बापले मी तेच सांगं."

मालकाने काठी उगारली. आता डोकं फुटणार म्हणून मी डोळे मिटले. काही झालं नाही. डोळे उघडले तर तो बांधावरच. काठी वर, पाय जागेवर. दगडांत उतरायची त्याची छाती होत नव्हती. तेव्हा मला कळलं. जमीन त्याची, बैल त्याचे, काठी त्याची. तरी माझ्या होकारावाचून त्याचं अडलं होतं. म्हणून तर मला धुऊन आणलं होतं.

नांगर त्या दिवशी चालला नाही. झोपडी मात्र मोडली. पोरं आणि मडकी घेऊन आम्ही म्हसावदच्या बाजूला मजुरीला गेलो. पुढे मालकाने बाहेरगावचे मजूर आणून दगड उपटले आणि विहिरीच्या पायऱ्यांना बसवले. तिथे आता कापूस होतो. गावात सांगतात, भिल्लांनी जागा आपणहून देऊन टाकली.

खोटं आहे. कोणी दिली नाही. घेतली.

मी काही धीट झाले नाही. अजून कोणी मोठ्याने हाक मारली की माझी मान आपोआप खाली जाते. पण पोरांना बजावून ठेवलंय. मी मेले की मला इथे पुरायचं नाही. तिकडे न्यायचं, बापाशेजारी. उभ्या कापसात खड्डा खणायचा. कोणाला विचारायचं नाही.